सकाळी दार उघडावेच लागते

घरी कोंबड्या आहेत असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न हिशेबाचा विचारतो: रोज किती अंडी मिळतात? खरे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. गावठी कोंबडी एका फेरीत बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसू पाहते, आणि वर्षातून असे तीन-चार वेळा घडते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांच्या फार पुढे ती सहसा जात नाही. फार्ममधली संकरित कोंबडी तेवढ्याच काळात ३०० चा आकडा सहज गाठते. तेव्हा ज्याला नुसती अंडीच हवी आहेत त्याने ती दुकानातून आणावीत. त्यात पैसेही वाचतात आणि मनस्तापही. मी अंड्यांसाठी कोंबड्या पाळत नाही, असे म्हणणे अर्थात पूर्ण खरे होणार नाही. पण डझनभर कोंबड्यांमागे ज्या गोष्टी घरात येतात त्यांत अंड्यांचा क्रमांक बराच खाली लागतो.

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. मागे काजू, फणस आणि दोन जुने आंबे, त्यांच्या पलीकडे चढण, आणि चढणीवर लगेच जंगल सुरू होते. कळप तसा सरमिसळ आहे. बहुतेक गावठी, दोन बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या गिरिराज जातीच्या, आणि एक काळाकुट्ट कडकनाथ, जो एका नातेवाईकाने हौसेने आणला आणि शहरातल्या गच्चीवर निभेना म्हणून आमच्याकडे आणून सोडला. झाबुआच्या या कोंबड्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या मांसाविषयी औषधी गुणांच्या अनेक कथा पसरल्या आहेत. आमचा कडकनाथ मात्र कोणाच्याही उपयोगी पडण्याच्या मनःस्थितीत कधी दिसलेला नाही.

सकाळी खुराड्याचे दार उघडले की सगळा कळप एकदम बाहेर पडतो आणि तांदळाची कणी टिपून झाली की पाच मिनिटांत पांगतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर माझी फारशी सत्ता चालत नाही, आणि त्यांच्याकडे पाहत बसण्याचे जे सुख आहे ते मुख्यतः याच काळातले आहे. कोंबडी पायाने पाचोळा मागे फेकते, एक पाऊल मागे सरते, मान तिरकी करून एका डोळ्याने पाहते आणि मग टिपते. हे काम ती दिवसभर न कंटाळता करते आणि दरवेळी पाचोळ्याखाली काहीतरी नवे असणारच अशा खात्रीने करते. माणसाच्या डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात, त्यामुळे तो पाचोळा तिला कसा दिसत असेल याची कल्पनाही आपण नीट करू शकत नाही. दुपारी उन्हात एखादी जागा उकरून त्या धुळीत लोळतात, पंख पसरून माती पिसांच्या मुळाशी जाऊ देतात. ही त्यांची आंघोळ. तिने पिसांतले जादा तेल आणि उवा कमी होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मात्र कोंबडी मरायला टेकली आहे असेच वाटते. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी धावत येऊन तसे सांगून गेला आहे.

अलीकडच्या संशोधनाप्रमाणे माणूस आणि कोंबडी यांची जवळीक भाताने घडवली. ज्यांविषयी शंका नाही अशी सर्वांत जुनी कोंबडीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडली आहेत. ती साधारण इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातली मानली जातात. भातशेती आली, सांडलेले दाणे टिपायला तांबडी रानकोंबडी वस्तीजवळ आली आणि हळूहळू राहिली, अशी मांडणी त्या हाडांवरून केली जाते. खळ्यावर भात झोडताना आमच्या कोंबड्यांची जी गर्दी होते ती पाहिल्यावर मला या मांडणीसाठी आणखी पुराव्याची गरज वाटत नाही. आमच्या चढणीवरच्या जंगलात असतो तो मात्र करडा रानकोंबडा, जो दक्षिण आणि पश्चिम भारतापलीकडे जगात कुठेच नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या पायांचा जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आले. त्याची तुटक, कर्कश आरोळी सकाळी वरून ऐकू आली की आमचे कोंबडे मान ताठ करतात आणि उत्तर देतात. नाते जुने आहे, पण सलोखा दिसत नाही.

कळपातली प्रतिष्ठा कशी ठरते हे पाहणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे. कोण कोणाला टोचू शकते याची पक्की उतरंड कोंबड्यांत असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात मांडले. लहानपणापासून घरच्या कोंबड्या पाहत त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. कोणती कोंबडी आधी कणीवर येते, आडव्या बांबूवर कोणाला कडेची जागा मिळते, धुळीचा खड्डा कोणासाठी मोकळा करावा लागतो, हे सगळे ठरलेले असते आणि ते ठरलेले असते म्हणूनच भांडणे कमी होतात. बाजारातून नवी तलंग आणली की ही घडी विस्कटते. सगळ्या जणी तिच्यावर धावून जातात, आणि गंमत म्हणजे सर्वांत जास्त टोचते ती आजवर तळाला असलेली. नव्या पक्ष्याला रात्री, अंधार झाल्यावर, इतरांच्या मध्ये बांबूवर ठेवावे असे आमच्याकडे सांगतात. त्याने भांडण टळत नाही, थोडे सौम्य होते एवढेच.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. परंतु झाकलेला कोंबडा आरवायचा तरी थांबतो का, असे कोणी विचारत नाही. २०१३ साली जपानमधील नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद प्रकाशात ठेवून पाहिले, तरी ते पहाटेच्या सुमारासच आरवत राहिले, म्हणजे वेळ त्यांच्या शरीरातच असते. दोन वर्षांनी त्यांनी असेही दाखवले की गटात पहिला मान वरिष्ठ कोंबड्याचा असतो. तो आरवल्यावर बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून आरवतात, आणि त्याला काढून घेतले तर दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. आमचा जुना, लाल मानेचा कोंबडा एका पावसाळी रात्री रानमांजराने नेला, तेव्हा घरात सगळेच हळहळले. दुसऱ्याच पहाटे, आजवर मागून आणि काहीशा चिरक्या आवाजात आरवणाऱ्या तरण्या कोंबड्याने वेळेवर आणि भरघोस बांग दिली. आम्ही हळहळत होतो आणि त्याला बढती मिळाली होती.

या सगळ्याहून मोठा आनंद खुडूक कोंबडीचा. ज्यांना अंडी हवी असतात त्यांना ती अडचण वाटते, कारण खुडूक झाली की अंडी बंद होतात. म्हणून तिला गार पाण्यात बुडवणे, डालग्याखाली अडकवून ठेवणे, इतकेच काय, तिच्या नाकपुडीतून पीस घालणे असे उपाय लोक करतात. शेवटचा प्रकार मला क्रूर वाटतो आणि आमच्या परसात तो होऊ दिलेला नाही. खुडूक कोंबडीची अंगफुगवी, तो घोगरा कुरकुरणारा आवाज आणि हात पुढे केला तर टोचण्याची तयारी पाहून तिला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवावे. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर विषम संख्येत अंडी, आणि शेजारच्या काकींच्या आग्रहाखातर एक कोळसा व एक लोखंडी खिळा, कारण वीज कडाडली तर अंडी नासतात अशी त्यांची खात्री आहे. खिळ्याने काय होते हे मला माहीत नाही, पण त्याला जागा फार लागत नाही.

त्यानंतर २१ दिवस ती कोंबडी जगातून उठते. दिवसातून एकदा बाहेर येते, घाईघाईने खाते, पिते, भली मोठी घाण करते आणि परत जाऊन बसते. पोटाखालची पिसे गळून कातडी थेट अंड्यांना लागते. अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश सेल्सियस उष्णता लागते. ती यंत्रात राखायला तापमापक, पंखा आणि अखंड वीज लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात अखंड वीज ही गोष्ट दुर्मीळ आहे. कोंबडी मात्र कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला असे दिवसातून अनेकदा फिरवत राहते. आठवड्याभराने रात्री अंडे विजेरीसमोर धरले तर लाल शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. ज्यात काही दिसत नाही ते काढून टाकावे लागते.

विसाव्या दिवसाच्या सुमारास अंडे कानाशी धरले तर आतून चिवचिव ऐकू येते. पिल्लाने अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी फोडून फुप्फुसांनी श्वास घ्यायला सुरुवात केलेली असते, आणि आई वरून हलक्या आवाजात त्याला उत्तर देते. बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला सगळा बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी मिळाले नाही तरी चालते. म्हणून तर उबवणी केंद्रे एक दिवसाची पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दूरदूर पाठवू शकतात, आणि म्हणूनच आई उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी थांबू शकते. पण ती कायमची थांबत नाही. पहिली पिल्ले चालायला लागली की ती उठते आणि मागे एखादे अंडे, कधी नुकतीच चीर पडलेले, थंड होत राहते. ते उचलून चुलीच्या उबेला ठेवून पाहणे आम्ही करतो. क्वचित उपयोग होतो. तिचा निर्णय कठोर आहे, पण चुकीचा आहे असे म्हणवत नाही.

मग पिल्लांचे दिवस. काकींनी शिकवलेली युक्ती अशी, की मडक्यात ओले शेण आणि जुन्या गोणपाटाचा तुकडा भरून ते वारुळाजवळ उपडे ठेवावे. एका रात्रीत त्यात वाळवी भरते, आणि सकाळी ते पिल्लांपुढे झटकले की त्यांची जी धांदल उडते तिला तोड नाही. आई दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि टुक-टुक असा विशिष्ट आवाज काढून पिल्लांना बोलावते. घार आली की तिचा आवाज वेगळा, मुंगूस दिसले की वेगळा. कोंबड्या आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी निराळे इशारे वापरतात आणि ऐकणारेही त्याप्रमाणे वागतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. पहिल्या इशाऱ्याला सगळी जमिनीला चिकटतात, दुसऱ्याला माना उंचावून उभी राहतात. मलाही आता हे दोन आवाज ओळखता येतात, आणि पहिला ऐकू आला की हातातले काम टाकून मी अंगणात धावते. पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

इथून निराशेची यादी सुरू होते आणि ती लांब आहे. घार आणि शिक्रा पिल्ले उचलतात. मुंगूस दिवसा येते आणि एकाला पकडून निघून जाण्याऐवजी हाताशी येतील तेवढी मारते. रात्रीची पाळी कांडेचोराची आणि रानमांजराची. खुराड्याच्या फटीतून कधी नाग शिरतो, कधी घूस खालून माती उकरते. वाडीतली मोकाट कुत्री या सगळ्यांहून वाईट, कारण ती भुकेपोटी मारत नाहीत. एका वेतातली निम्मी पिल्ले मोठी झाली तर आमच्याकडे ते यश समजतात. मोठ्या पोल्ट्रीत मरतुक टक्क्यांत मोजतात, पण डझनभराच्या कळपात टक्के नसतात. संध्याकाळी बांबूवर कुठली जागा रिकामी आहे ते लगेच दिसते. सुरुवातीला मी सकाळी दार उघडताना मोजत असे. काकी हसल्या आणि म्हणाल्या, "अगो बाय, कोंबड्या सांजच्याला मोजायच्या. सकाळी मोजून काय करायचं?"

यावर उपाय आहे आणि तो मला अनेकांनी सुचवला आहे: सगळ्या परसाला जाळी मारा, वरूनही झाका, आणि कोंबड्या आत ठेवा. पिल्ले पहिले महिनाभर मी जाळीतच ठेवते, त्यात दुमत नाही. पण मोठा कळप कायम आत ठेवून पाहिलेली घरे आमच्या वाडीत आहेत. तिथे पंधरा दिवसांत जमीन उकरून तुळतुळीत होते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो, ओल्या तुसात रक्ती हगवण येते, आणि करायला काही उरले नाही की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात. काही जणी स्वतःची अंडी फोडून खायला शिकतात, आणि ही सवय एकदा लागली की सुटत नाही. मुंगसापासून वाचलेला कळप असा दिवसेंदिवस किडत जातो. पाचोळ्यापर्यंत पोचण्याची वाट आणि मुंगूस आत येण्याची वाट एकच आहे, हे मान्य करून मी सकाळी दार उघडते. ऊन जरा वर आल्यावर उघडते, संध्याकाळी लवकर बंद करते, तडजोड एवढ्यापुरतीच.

दुसरी निराशा अशी, की तिला कोणी शत्रू जबाबदार नाही. फुटलेल्या अंड्यांतून साधारण निम्मे कोंबडे निघतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुसरा ठेवला तर सतत झुंज आणि कोंबड्यांची पाठ सोलून निघते. म्हणजे ज्या पिल्लांना घारीपासून वाचवण्यासाठी आपण अंगणात धावलो त्यांतली बरीचशी आपल्याच सुरीखाली जाण्यासाठी वाढत असतात. आमच्याकडे आषाढात आणि पुढे गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला कोंबड्यांना मागणी असते, मधल्या श्रावणात भाव पडतो, आणि मोटारसायकलला टोपल्या बांधून येणारा खरेदीदार हे गणित आपल्याहून चांगले जाणतो. मी खाणारी आहे, त्यामुळे यात हळवेपणाचा आव आणणे शोभणार नाही. तरी घरचा कोंबडा कापला जातो त्या दिवशी रस्सा मी चांगला करते आणि जेवते कमी. सर्वांत सुरक्षित असतो तो देवाला बोललेला कोंबडा. राखणीसाठी एकदा त्याचे नाव घेतले की त्याला ना विकता येते, ना पाहुण्यांसाठी कापता येते. तो वर्षभर उत्तम खाणे खातो आणि अंगणात मिरवतो. ज्याचे मरण आधीच ठरले आहे तोच सर्वांत निर्धास्त जगतो, हा विनोद करताना काकींचा आवाज जरासुद्धा बदलत नाही.

शहरातून येणारे पाहुणे गावठी अंडी मागून नेतात, त्याविषयीही थोडे. पिवळ्याधमक बलकाचे श्रेय हिरव्या पाल्याला आणि मक्याला आहे. फार्ममध्येही खाद्य बदलून तो रंग आणता येतो. तपकिरी कवच ही जातीची खूण आहे, गावठीपणाची नव्हे, आणि बाजारात गावठी म्हणून विकली जाणारी कित्येक तपकिरी अंडी पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्यांची असतात. पोषणात फार मोठा फरक पडतो असे मला वाटत नाही. चवीत पडतो, कारण अंडे ताजे असते. हे सांगितले की पाहुणे थोडे हिरमुसतात, पण अंडी नेतातच.

रोगाचे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. राणीखेत, ज्याला आमच्याकडे मानमोडी म्हणतात, आली की तीन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. हिरवट हगवण, उघडी चोच, मग मान उलटी वळते आणि पक्षी गोल फिरू लागतो. कुमाऊँमधील ज्या गावावरून तिला हे नाव पडले त्याच भागातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतून पुढे तिच्यावरची एक लस आली, जी आजही मोठ्या पक्ष्यांना टोचतात. त्याहून मोठी धास्ती बर्ड फ्लूची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरमध्ये भारतातील पहिला उद्रेक झाला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, आणि त्यांत फार्मच्या कोंबड्यांबरोबर घराघरांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. मोकळ्या फिरणाऱ्या कळपाला रानपक्ष्यांपासून दूर ठेवता येत नाही, त्यामुळे अशी बातमी आली की आम्ही काही आठवडे दार उघडत नाही, आणि त्या आठवड्यांत खुराड्यातून जो गोंधळ ऐकू येतो तो ऐकणाऱ्याला आपणच अपराधी आहोत असे वाटायला लावतो.

मानमोडीवर निदान लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा, इतके ते सोपे आहे. अडचण अशी की लहानात लहान बाटलीसुद्धा साधारण शंभर मात्रांची असते, एकदा द्रावण तयार केले की ते बर्फावर ठेवूनही दोन तासांत संपवावे लागते, आणि माझी पिल्ले दहा-बारा असतात. म्हणून वाडीतल्या ज्यांच्याकडची अंडी त्या सुमारास फुटणार असतील त्यांनी एकाच दिवशी पिल्ले आणायची असे आम्ही ठरवले आहे. पुढच्या रविवारी सकाळी ती सगळी आमच्या ओटीवर येतील, काही टोपलीत, काही पिशवीत, काही परकराच्या ओच्यात, आणि थेंब दिलेल्याच्या डोक्यावर आम्ही हळदीचा ठिपका लावू. बाटलीचे पैसे घरांप्रमाणे वाटायचे की पिल्लांप्रमाणे, यावर अजून एकमत झालेले नाही. काकींचे म्हणणे असे आहे की पैसे दिवाळीनंतर गोळा करावेत, कोणाची किती जगली ते मोजून.